रबर दबले किती?

घरातला मिक्सर ओट्यावर फार थरथरू लागला की आपण त्याच्याखाली दुमडलेले फडके घालतो. पिठाच्या गिरणीत मोटारीच्या पायाखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवलेले दिसतात. पाण्याचा पंप, जनरेटर, गच्चीवरचे वातानुकूलन यंत्र यांच्याखालीही काही ना काही मऊ घातलेले असते. या सर्वांमागे एक समजूत आहे. मऊ वस्तू कंपने 'खाऊन टाकते', तेव्हा कंपने थांबवायची असतील तर मध्ये काहीतरी मऊ घालावे, म्हणजे झाले!

ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत एक संशोधक विद्यार्थिनी मिश्रधातूंचे औष्णिक प्रसरण मोजत होती. पद्धत प्रकाशाच्या व्यतिकरणाची होती. लेसरचा तांबडा झोत दोन भागांत विभागायचा, दोन आरशांवरून परत आणून एकत्र करायचा आणि पडद्यावर उमटणारे उजळ व काळे पट्टे मोजायचे. या मांडणीत आरसा ०.३ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी तीन भागांइतका सरकला, तरी एक पूर्ण पट्टा पुढे जातो. शेजारच्या खोलीत निर्वात पंप होता. तो सुरू झाला की पट्टे थरथरत. पण मोजता येत.

ते थरथरणेही थांबावे म्हणून मी पंपाच्या चारही पायांखाली सेंटिमीटरभर जाडीचे रबराचे तुकडे घालायला सांगितले. रबर चांगल्या प्रतीचे होते. दुसऱ्या दिवशी पंप चालू केला आणि पट्टे दिसेनासेच झाले. पडद्यावर उरला नुसता तांबडा, धूसर डाग. रबर घातल्यामुळे कंपने कमीच झाली असणार, याची मला इतकी खात्री होती, की दोष मी इतर सर्व ठिकाणी शोधला. आरशांचे स्क्रू तपासले, लेसर बदलून पाहिला, टेबल हलवले. त्या मुलीच्या शिष्यवृत्तीचे पाच महिने उरले होते. त्यांपैकी दीड महिना माझ्या या खात्रीपायी गेला.

अखेर आमच्या वर्कशॉपमधले मिस्त्री आले. त्यांनी चालू पंपावर तळहात ठेवला, मग वाकून पायांकडे पाहिले आणि विचारले, "सर, रबर दबलंय किती, ते मोजलंत का?"

"दबलेलं काही दिसत नाही, मिस्त्री. चांगलं घट्ट रबर आहे."

"मग ते काम कसं करणार? जेवढं दबेल, तेवढंच काम करणार ना!"

मिस्त्रींच्या या वाक्यात जे सूत्र दडले होते, ते मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले होते. पंपाखाली वाकून पाहताना मात्र ते मला आठवले नव्हते. ते सूत्र कोणते आणि कंपने अडवणारा विलगक व कंपने जिरवणारा अवमंदक या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, ते या लेखात पाहू.

कुलूप आणि रबरबँड

वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग घ्या. काही रबरबँड एकमेकांत ओवून साखळी तयार करा. तिच्या खालच्या टोकाला मध्यम आकाराचे कुलूप अडकवा आणि वरचे टोक हातात धरा. कुलपाच्या वजनाने साखळी वीस-पंचवीस सेंटिमीटर ताणली जाईल, इतपत रबरबँड घ्या.

आता हात अगदी सावकाश वर-खाली करा. हात जितका वर जातो तितकेच कुलूप वर जाते, जितका खाली येतो तितकेच खाली येते. रबराची साखळी जणू लोखंडी सळई झाली आहे. मध्ये मऊ रबर असूनही हाताची सगळी हालचाल कुलपापर्यंत पोचते.

मग हालचालीचा वेग हळूहळू वाढवा. सेकंदाला साधारण एक फेरा या लयीला आलात, की कुलूप एकदम उसळू लागेल. हात दोन सेंटिमीटर हलवला तर कुलूप हातभर नाचेल. प्रत्येक लवचीक मांडणीला स्वतःची एक लय असते. तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. बाहेरून येणाऱ्या धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की प्रत्येक धक्का आधीच्या हालचालीत भर घालत जातो. हेच अनुस्पंदन.

आता तिसरी पायरी. हात जलद, सेकंदाला चार-पाच वेळा, पण थोडासाच हलवा. गंमत पाहा: कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहते. हात वर-खाली होतो, रबर ताणते आणि सैल पडते, पण कुलूप स्थिर! कुलपाला जडत्व आहे. ते वर निघण्याच्या बेतात असते, तोच हात खाली येतो. खाली निघण्याच्या बेतात असते, तोच हात वर जातो. कुठल्याच दिशेने जायला त्याला पुरता वेळ मिळत नाही.

हात तोच, रबर तेच, कुलूपही तेच. तरी एकदा रबराने हालचाल जशीच्या तशी पोचवली, एकदा ती कितीतरी पट वाढवली आणि एकदा अडवली. म्हणजे 'कंपने अडवणे' हा रबराचा अंगभूत गुण नव्हे. ते अवलंबून आहे एका गुणोत्तरावर: बाहेरून येणाऱ्या कंपनांची वारंवारता ही मांडणीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या किती पट आहे?

हा अनुभव आपण प्रवासातही घेतो. स्टँडवर उभ्या असलेल्या एस.टी.चे इंजिन मंद गतीने चालू असते, तेव्हा एखादे तावदान किंवा सीटची दांडी जोराने खडखडत असते. गाडी निघाली, इंजिनाचे फेरे वाढले, की तीच वस्तू गप्प होते. सहा सिलिंडरच्या चौघाती इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट होतात. मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १०, म्हणजे सेकंदाला ३० धक्के. ज्या तावदानाची स्वतःची लय ३० हर्ट्झच्या आसपास असते, ते नेमके उभ्या गाडीतच खडखडते.

मिस्त्रींचे सूत्र

कुलूप म्हणा वा पंप म्हणा, त्याची नैसर्गिक वारंवारता कशी काढायची? वस्तुमान 'व' आणि स्प्रिंगचा ताठपणा 'त' असेल, तर एका आंदोलनाला लागणारा काळ २π√(व/त) असतो, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. पण वर्कशॉपमध्ये रबराचा ताठपणा कोण मोजणार?

त्याची गरजच पडत नाही. वस्तू स्प्रिंगवर ठेवली की स्प्रिंग जितकी दबते त्या अंतराला 'द' म्हणू. वस्तूचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांचा तोल साधलेला असतो, म्हणून व × गु = त × द. येथे 'गु' म्हणजे गुरुत्वीय त्वरण. यावरून व/त = द/गु. म्हणजे आंदोलनकाल झाला २π√(द/गु). वस्तुमान गेले, ताठपणाही गेला. उरले ते फक्त दबलेले अंतर.

हे सूत्र ओळखीचे वाटले असेल. हे साध्या लंबकाचेच सूत्र आहे. लांबीच्या जागी फक्त दबलेले अंतर आले आहे. आकडे घालून सोपे केले तर असे:

नैसर्गिक वारंवारता (हर्ट्झ) = १५.८ ÷ √(दबलेले अंतर, मिलिमीटरमध्ये)

अंतर २५० मिलिमीटर असेल तर वारंवारता १ हर्ट्झ. आपले कुलूप सेकंदाला एका फेऱ्याच्या आसपास नाचले ते यामुळेच. अंतर १० मिलिमीटर असेल तर ५ हर्ट्झ. अर्धा मिलिमीटर असेल तर सुमारे २२ हर्ट्झ. पोलादी स्प्रिंगच्या बाबतीत हा हिशेब उत्तम जुळतो. रबर मात्र जलद हालचालीत अधिक ताठ वागते, त्यामुळे त्याची खरी वारंवारता हिशेबापेक्षा थोडी जास्त येते.

आता आमच्या पंपाकडे वळू. त्याची मोटार मिनिटाला १४४० फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला २४. मिस्त्रींनी मोजले तेव्हा रबर जेमतेम अर्धा मिलिमीटर दबलेले होते. हिशेबाने २२ हर्ट्झ. रबराचा जादा ताठपणा धरला तर जवळजवळ २४. म्हणजे मी मोठ्या काळजीने पंपाखाली नेमके असे रबर घातले होते, की त्याची लय पंपाच्या लयीशी तंतोतंत जुळावी. कुलपाच्या प्रयोगातली ती दुसरी पायरी होती. रबर घालण्याआधी पंप निदान जमिनीवर घट्ट उभा होता!

किती अडते?

अवमंदन अगदी थोडे असेल, तर पलीकडे पोचणारा कंपनांचा वाटा काढायला सोपे सूत्र आहे. कंपनांच्या वारंवारतेला नैसर्गिक वारंवारतेने भागायचे. येणारे गुणोत्तर १ पेक्षा मोठे असेल तर

पोचणारा वाटा = १ ÷ (गुणोत्तराचा वर्ग − १)

गुणोत्तर २ असेल तर वाटा एक-तृतीयांश. ३ असेल तर एक-अष्टमांश. ५ असेल तर चोविसावा भाग. उलट गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर छेद शून्याकडे जातो आणि वाटा बेसुमार वाढतो. गुणोत्तर १ पेक्षा लहान असताना छेदात १ मधून वर्ग वजा करायचा. गुणोत्तर अर्धे असेल तर वाटा १.३३ येतो. म्हणजे तेथेही कंपने अडत नाहीत, थोडी वाढतातच.

मग कंपने अडायला सुरुवात कोठून होते? पोचणारा वाटा बरोबर १ केव्हा होतो, ते विद्यार्थ्यांना काढायला सांगा. गुणोत्तराचा वर्ग २, म्हणजे गुणोत्तर √२, सुमारे १.४१. या सीमेच्या अलीकडे 'विलगक' हा शब्दच चुकीचा ठरतो. तेथे तो कंपने वाढवणारा असतो.

यंत्र जमिनीला हलवते आहे की जमीन यंत्राला, याने या हिशेबात फरक पडत नाही. पंपाची कंपने जमिनीत जाऊ नयेत म्हणून आणि जमिनीची कंपने नाजूक तराजूत येऊ नयेत म्हणून, दोन्हीकडे गुणोत्तर तेच आणि सीमाही तीच.

मिस्त्रींनी रबर काढले. पंप एका जड काँक्रीटच्या लादीवर घट्ट बसवला, म्हणजे पंप स्वतः फार हलणार नाही, आणि लादीखाली चार पोलादी स्प्रिंगा दिल्या. एकूण वजनाने त्या १० मिलिमीटर दबल्या. नैसर्गिक वारंवारता ५ हर्ट्झ, गुणोत्तर २४ ÷ ५ = ४.८, आणि पोचणारा वाटा सुमारे बाविसावा भाग. पट्टे पुन्हा दिसू लागले.

जिरवणारा वेगळा

पण पंप सुरू करताना आणि विशेषतः बंद करताना नवी अडचण दिसली. बंद केल्यावर मोटारीचे फेरे सेकंदाला २४ वरून उतरत शून्यावर येतात. वाटेत ५ फेऱ्यांचा टप्पा येतोच. त्या क्षणी अनुस्पंदन होऊन लादीसकट पंप जोरजोराने डोलू लागे. कपडे धुण्याचे यंत्र पिळून झाल्यावर थांबण्याआधी क्षणभर धडधडते, त्याचे कारण हेच.

येथे अवमंदकाची गरज लागते. स्प्रिंग आणि अवमंदक यांची कामे निराळी आहेत. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. तिने घेतलेले सगळे ती परत देत असल्यामुळे आंदोलने आपोआप थांबत नाहीत. अवमंदक ऊर्जा साठवत नाही. तो तिची उष्णता करून टाकतो. कुलपाचे आंदोलन हवेत किती वेळ चालते ते मोजा आणि मग कुलूप पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून तोच प्रयोग करा. पाण्यात ते दोन-चार झोक्यांतच थांबते.

मोटारगाडीच्या चाकाजवळ स्प्रिंगबरोबर जो नळकांडीसारखा भाग असतो, त्याला आपण 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' आणि गॅरेजमध्ये 'शॉकअप' म्हणतो. हे नाव फसवे आहे. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते. नळकांडीचे काम नंतर सुरू होते. तिच्यातला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो. त्या घर्षणात स्प्रिंगची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी पुढे शंभर पावले उड्या मारत राहत नाही. लांब प्रवासानंतर ही नळकांडी गरम लागते. गाडीचा एक कोपरा दाबून सोडला आणि तो एकदा वर येऊन स्थिरावला तर शॉकअप ठीक आहे. तीन-चार वेळा वर-खाली झाला तर निकामी झाला आहे, ही गॅरेजमधली परीक्षा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

अति तेथे माती

मग भरपूर अवमंदन दिले तर सगळेच प्रश्न सुटतील, असे वाटते. मलाही वाटले होते. पण तसे होत नाही.

सुई नसलेली सिरिंज पाण्याने भरून दट्ट्या सावकाश दाबा. पाणी सहज बाहेर येते. तोच दट्ट्या एकदम जोराने दाबून पाहा. तो अडून बसल्यासारखा वाटतो. अवमंदकाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. जलद कंपनांत हा विरोध इतका वाढतो, की यंत्र आणि जमीन यांच्यामध्ये तो ताठ सळईसारखा वागू लागतो. जी कंपने स्प्रिंगने अडवली असती, ती अवमंदकातून पलीकडे जातात.

आकड्यांत पाहू. डोललेली वस्तू एकही झोका न घेता मूळ जागी येऊन थांबावी यासाठी जितके किमान अवमंदन लागते, त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात. समजा, आमच्या स्प्रिंगांना त्याच्या ५ टक्के अवमंदन जोडले. अनुस्पंदनाच्या क्षणी पोचणारी कंपने सुमारे १० पट होतील. पण पंप पूर्ण गतीने चालताना फक्त ५ टक्के कंपने पोचतील. आता अवमंदन ५० टक्के करा. अनुस्पंदनाच्या क्षणी कंपने १.४ पटच होतील, हा मोठा लाभ. पण पूर्ण गतीला पोचणारी कंपने २२ टक्के होतील, म्हणजे चौपटीहून अधिक.

या दोन परिस्थितींना विभागणारी सीमाही √२ हीच आहे. गुणोत्तर √२ पेक्षा कमी असेल तर जास्त अवमंदन हिताचे. √२ पेक्षा जास्त असेल तर तेच अवमंदन अहिताचे. आणि बरोबर √२ असेल तर अवमंदन कितीही असो, पोचणारा वाटा १ च राहतो. सूत्र हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या अवमंदनांचे आलेख काढले, तर ते सगळे या एकाच बिंदूतून जाताना दिसतील.

म्हणून अभियंत्याला आधी विचारावे लागते, की या यंत्राचा बहुतेक वेळ कोठे जातो. आमचा पंप दिवसभर एकाच गतीने चालतो आणि धोक्याच्या टप्प्यातून दिवसातून दोनदाच, तेही क्षणभर जातो. त्याला थोडे अवमंदन पुरे. गाडीचे तसे नाही. रस्त्यावरून सावकाश चढ-उतारही येतात आणि बारीक खडखडही येते, म्हणून तेथे मधला मार्ग काढावा लागतो.

एक गोष्ट राहिली होती. स्प्रिंगा बसवल्यावरही पट्टे किंचित थरथरत होते. मिस्त्रींनी या वेळी पंपाला हात न लावता भिंतीतून येणाऱ्या पितळी नळीला लावला. पंप स्प्रिंगांवर तरंगत होता खरा, पण ताठ नळीने तो अजून भिंतीला बांधलेला होता. कंपनांना ती पळवाट पुरली. नळीचा हातभर भाग काढून तेथे घड्यांची लवचीक नळी जोडली, आणि पट्टे शांत झाले. त्या मुलीचा प्रबंध वेळेत पूर्ण झाला. मात्र तिला जे तिसरे मिश्रधातू मोजायचे होते ते राहून गेले. प्रबंधात त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. मला जाणवते.

किल्लारीची शाळा

पंपाची ही गोष्ट मर्यादित नुकसानीची. हाच हिशेब माणसांच्या जिवाशीही जोडलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या थोडे आधी, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे कोसळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. काही अंदाजांनुसार हा आकडा याहून मोठा आहे. त्यानंतर नव्या जागी वसवलेल्या किल्लारीत दोन एकमजली इमारती रबरी विलगकांवर बांधण्यात आल्या. त्यांपैकी एक शाळेची होती, दुसरी दुकानांची. भारतात हे तंत्र इमारतींसाठी प्रथम दाखवले गेले ते येथे.

तत्त्व पंपाचेच आहे. फक्त येथे हलते ती जमीन, आणि शांत ठेवायची ती इमारत. कठीण जमिनीवर भूकंपाचे जोरदार हेलकावे बहुतांशी एका सेकंदाहून कमी आवर्तकालाचे असतात. विटांच्या बैठ्या इमारतीचा स्वतःचा आवर्तकाल सेकंदाच्या एक-दोन दशांशांइतका असतो. म्हणजे ती धोक्याच्या टप्प्यात किंवा त्याच्या काठावरच उभी असते. तिच्या पायात असे विलगक घातले, की तिचा आवर्तकाल दोन सेकंदांच्या आसपास जावा, तर ती √२ च्या सुरक्षित बाजूला येते. खालची जमीन जलद हलते, इमारत कुलपासारखी जवळपास जागेवर राहते.

पण मिस्त्रींचे सूत्र येथे एक कोडे घालते. दोन सेकंदांच्या आवर्तकालासाठी विलगक किती दबायला हवा? हिशेब केला तर उत्तर येते जवळजवळ एक मीटर! इमारत मीटरभर खचवून कसे चालेल? याचे उत्तर विलगकाच्या रचनेत आहे. रबराचे पातळ थर आणि पोलादाचे पत्रे आलटून पालटून चिकटवून तो बनवलेला असतो. वरून भार आला की पत्रे रबराला बाजूंनी फुगू देत नाहीत, त्यामुळे उभ्या दिशेने तो ताठ असतो. आडव्या दिशेने मात्र रबराचे थर एकमेकांवर पत्त्यांच्या गड्डीसारखे सहज सरकतात. भूकंपाचे घातक हेलकावे मुख्यतः आडवेच असतात.

अशी इमारत भूकंपात काही इंचांपासून फूटभरही आडवी सरकू शकते, म्हणून तिच्याभोवती मोकळी फट ठेवावी लागते. हे सरकणे आवरायला पुन्हा अवमंदक हवा. न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी सुरेख युक्ती काढली. त्यांनी रबर-पोलादाच्या विलगकाच्या मध्यभागी शिशाचा दांडा बसवला. शिसे मऊ असते. हेलकाव्यात ते वाकते, ऊर्जेची उष्णता करते, आणि नेहमीच्या तापमानालाही त्याची अंतर्गत स्फटिकरचना पुन्हा जुळत असल्याने पुढच्या हेलकाव्याला तयार राहते. अडवणारा आणि जिरवणारा असे दोघे एकाच ठोकळ्यात आले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे रुग्णालय कोसळले. ते पुन्हा उभारताना अशाच विलगकांवर उभारले गेले.

मग सगळ्या इमारती रबरावर बांधाव्यात का? येथे माझी पंपाची चूक पुन्हा समोर येते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीपासून सुमारे ३५० किलोमीटर दूर मोठा भूकंप झाला. शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर वसलेला आहे. त्या चिखलाची स्वतःची लय दोन सेकंदांच्या आसपास होती. बैठी घरे बरीचशी वाचली. मध्यम उंचीच्या, जवळपास त्याच लयीच्या इमारती मोठ्या संख्येने पडल्या. अशा जमिनीवर दोन सेकंदांचा विलगक घालणे म्हणजे २४ हर्ट्झच्या पंपाखाली २४ हर्ट्झचे रबर घालणे होय. किल्लारीच्या त्या दोन इमारती कठीण जमिनीवर होत्या, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. आपल्या खेड्यांतल्या साध्या घरांना तर विलगकांपेक्षा भिंतींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे आणि नीट सांधलेले कोपरे यांचीच गरज अधिक आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. लंबकाचा प्रयोग आपण दरवर्षी घेतोच. त्याच्या जोडीला एक तास कुलूप आणि रबरबँड घेऊन पाहा. विद्यार्थ्यांना साखळी किती ताणली ते आधी मोजू द्या, त्यावरून आवर्तकाल काढू द्या आणि मग घड्याळ लावून दहा आंदोलने मोजू द्या. रबराने उत्तर थोडे चुकले, तर स्प्रिंग लावून पुन्हा करू द्या. मग त्यांना शाळेचा पंप, गावातली गिरणी, घरचा मिक्सर पाहायला पाठवा. तेथे एखादे यंत्र रबरावर थरथरताना दिसले, तर यंत्राच्या पाटीवरचे मिनिटाचे फेरे त्यांनी लिहून आणावेत, आणि यंत्र बंद असताना, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, त्याच्याखाली पाहून एकच प्रश्न विचारावा: रबर दबले किती?